वाजलेल्या गाण्यांची यादी

‘सैराट’मधलं ‘झिंगाट’ २०१६ पासून वाजतंच आहे. चाल अजय-अतुल यांची, शब्द त्यांचेच, आवाजही त्यांचाच. ध्वनिमुद्रणाचा हक्क मात्र म्युझिक कंपनीकडे. दोन वर्षांनी ‘धडक’साठी हेच गाणं हिंदीत आलं, तेव्हा चाल तीच राहिली आणि शब्द अमिताभ भट्टाचार्य यांचे झाले. म्हणजे एखाद्या हॉटेलात डीजेने मराठी ‘झिंगाट’ लावलं की हिंदी, यावर शब्दांचे पैसे कुणाला मिळायचे ते ठरतं. कोणतं लावलं हे कुणी लिहूनच ठेवलं नाही, तर ते ठरणार कसं?

मराठी गीतकार-संगीतकारांचं आजचं खरं दुखणं हे आहे. कायदा त्यांच्या बाजूने उभा आहे, पण नोंद नाही.

हा कायदा सहजासहजी मिळालेला नाही. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की निर्मात्याने पैसे देऊन चित्रपटासाठी गाणं करून घेतलं असेल आणि वेगळा करार नसेल, तर त्या गाण्याचा पहिला मालक निर्माताच. त्याच निकालात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी, गायकाला कायदा काहीच देत नाही याबद्दल स्वतंत्र टिपणात खंत नोंदवली. त्याच्याही आधी, साठच्या दशकात, लता मंगेशकर आणि मोहम्मद रफी यांचं याच मुद्द्यावर बिनसलं होतं. रेकॉर्ड विकल्या जातात तोवर गायकाला वाटा मिळावा, असं लतादीदींचं म्हणणं. रफींच्या मते, मानधन घेतलं की गायकाचा हिशेब संपला. काही वर्षं दोघांनी एकत्र गाणं बंद ठेवलं.

कायदा बदलायला २०१२ साल उजाडलं. जावेद अख्तर राज्यसभेत होते, त्यांनी हा विषय लावून धरला. दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराला रॉयल्टीतला समान वाटा सोडून देता येत नाही. तो वारसांकडे जाऊ शकतो किंवा वसुलीसाठी कॉपीराइट सोसायटीकडे सोपवता येतो, बाकी कुणाला लिहून दिला तर ते लिखाण कायद्याने रद्द. चित्रपटगृहात सिनेमाबरोबर वाजणारं गाणं तेवढं याला अपवाद आहे. रेडिओ, टीव्ही, हॉटेल, ऑर्केस्ट्रा, मोबाइलवरचं स्ट्रीमिंग हे सगळं मात्र रॉयल्टीच्या हक्कात आलं.

वसुलीची सोसायटीही आहे. इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी, म्हणजे आयपीआरएस, १९६९ पासून मुंबईत आहे. शब्द आणि चाल यांचे पैसे ती गोळा करते. ठरलेल्या वाटणीत चार आणे गीतकाराला, चार आणे संगीतकाराला आणि आठ आणे प्रकाशकाला, म्हणजे बहुतेक वेळा म्युझिक कंपनीला, मिळतात. ध्वनिमुद्रणाचा परवाना वेगळा, गायकांचा हक्क आणखी वेगळा. २०१३ साली गायकांनीही आपली संघटना उभी केली.

आता एखाद्या तालुक्याच्या गावी तिकीट लावून होणारा ऑर्केस्ट्रा घ्या. तिथे रेकॉर्ड वाजत नाही, सगळं प्रत्यक्ष गायलं जातं, तेव्हा ध्वनिमुद्रणाच्या पैशांचा प्रश्न येत नाही. शब्द आणि चालीचे पैसे मात्र द्यावे लागतात आणि ते आयोजकाने द्यायचे, गायकाने नव्हे. (हौशी मंडळींनी विनातिकीट केलेल्या कार्यक्रमाला कायद्यात सूट आहे.) समजा, आयोजकाने परवाना काढला, पैसेही भरले. पुढे कोणकोणती गाणी झाली, ती कुणी लिहिली, कुणी बांधली, याची यादी त्याने दिली पाहिजे. निवेदकाच्या हातातल्या कागदावर ती यादी असतेच. कार्यक्रम संपला की तो कागद खुर्च्यांखाली जातो आणि त्या संध्याकाळी कुणाच्या कोळीगीताने किंवा लावणीने वन्स मोअर घेतला, ते सोसायटीपर्यंत पोहोचत नाही. यादी पोहोचली, तरी गीतकार सभासद नसेल किंवा गाण्याची नोंदच केलेली नसेल, तर पैसे वाटपाविना पडून राहतात.

गाण्याचे पैसे मागणं म्हणजे लूट, ही ओरड लग्नसराईत हमखास होते. धार्मिक विधी आणि वरातीला कायद्यात सूट आहे. गोवा सरकारने ३० जानेवारी २०२४ च्या परिपत्रकाने लग्नसमारंभातल्या गाण्यांसाठी परवानगीचा आग्रह धरू नका, असं सांगितलं. ते परिपत्रक त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने रद्द केलं. न्यायालयाने केलं ते योग्यच झालं. कायद्याने दिलेली सूट सरकारला परिपत्रक काढून वाढवता येत नाही. मात्र परवाना नेमका कुणाकुणाकडून घ्यायचा, याबद्दल हॉलमालकांचा होणारा गोंधळ खरा आहे. तो मिटवणं हे वसुली करणाऱ्या संस्थांचं काम आहे आणि त्यात त्या कमी पडल्या आहेत.

वारसांचं काय? शब्द आणि चाल यांवरचा हक्क गीतकार-संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. ग. दि. माडगूळकर १९७७ साली गेले, म्हणजे त्यांच्या शब्दांवरचा कॉपीराइट २०३७ अखेरपर्यंत आहे. गदिमांचं नाव मोठं, त्यांची गाणी कुणाची हे शोधावं लागत नाही. पण भजनी मंडळांसाठी, तमाशासाठी, कॅसेटच्या जमान्यात छोट्या कंपन्यांसाठी ज्यांनी शेकड्याने गाणी लिहिली, त्यांच्या मुलांकडे करार सोडा, गाण्यांची साधी यादीही नसते. वडिलांचं गाणं यूट्यूबवर गाजतंय आणि घरात त्याचा कागद नाही, ही स्थिती बदलायला हवी.

महाराष्ट्र सरकार मराठी चित्रपटांना अनुदान देतं. त्या अर्जासोबत चित्रपटातल्या प्रत्येक गाण्याचा गीतकार, संगीतकार, गायक कोण आणि त्याची सोसायटीकडे नोंद झाली का, याचा पुरावा मागावा. नोंद नसेल तर अनुदानाचा शेवटचा हप्ता थांबवावा. आणि सांस्कृतिक कार्य विभागाने स्वतःच्या महोत्सवांपासून सुरुवात करावी: गायल्या गेलेल्या गाण्यांची यादी, कार्यक्रमानंतर आठवडाभरात.