छत्तीस गुण जुळणारा अँप्लिफायर

माणसाचा अपमान दोन प्रकारांनी करता येतो. पहिला म्हणजे त्याला सरळ मूर्ख म्हणावं. हा प्रकार त्यामानाने निरुपद्रवी. माणूस चिडतो, दोन शब्द सुनावतो आणि चहा पिऊन मोकळा होतो. दुसरा प्रकार म्हणजे त्याची कीव करावी. त्याला उतारा नाही. माझ्या भाच्याने गेल्या दिवाळीत मला या दुसऱ्या प्रकाराने गाठलं.

मी फराळाची बशी पोटावर ठेवून, फोनबरोबर फुकट आलेली बोंडं कानात घालून आडवा पडलो होतो. भीमसेनजींचा पूरिया चालू होता. भाच्याने त्यातलं एक बोंड उचलून स्वतःच्या कानाला लावलं, कडू काकडी चावल्यासारखा चेहरा केला आणि ते परत माझ्या हातावर ठेवत अत्यंत हळुवारपणे म्हणाला,

"मामा, तुम्ही आजवर गाणं ऐकलंच नाहीये."

सवाई गंधर्व महोत्सव रात्ररात्र चालायचा त्या काळात मी भारतीय बैठकीवर मफलर गुंडाळून पहाटेपर्यंत बसलेला माणूस. मांडी इतकी अवघडायची, की सकाळी दोघांनी धरून उठवावं लागे. आणि मी गाणं ऐकलंच नाही! मग त्या मांडीने ते दुःख कशासाठी सोसलं?

भाचा ऑडिओफाइल आहे. या शब्दाला मराठीत काय म्हणावं याचा मी पुष्कळ विचार केला आणि शेवटी 'कर्णपिशाच्च' या नावावर स्थिर झालो. हे पिशाच्च कानाला लागलं की माणूस गाणं ऐकेनासा होतो आणि फक्त आवाज ऐकू लागतो. त्याने मला विचारलं, "बजेट काय?" मी छातीवर दगड ठेवून म्हणालो, "दहा हजार." त्याने पुन्हा माझी कीव केली. पण माणूस कर्तव्यदक्ष. म्हणाला, "बघू. पण मामा, नुसता हेडफोन घेऊन चालत नाही. त्याला जुळणारा अँप्लिफायर लागतो."

त्या दिवसापासून आमच्या घरात स्थळं बघायला सुरुवात झाली. माझ्या स्वतःच्या लग्नाच्या वेळी एवढी चौकशी झाली नव्हती. आमच्या वेळी गुरुजींनी दोन पत्रिका शेजारी ठेवल्या, बोटांची पेरं मोजली आणि "अठ्ठावीस गुण जुळतात" म्हणून दक्षिणा घेऊन गेले. इथे हेडफोनचा स्वभाव 'ब्राइट', म्हणून अँप्लिफायर 'वॉर्म' हवा. वॉर्म हेडफोनला वॉर्म अँप्लिफायर दिला, तर संसार 'मडी' होतो, म्हणजे सगळा चिखल. शिवाय हेडफोन ३०० ओहमचा असेल तर त्याला साधा फोन चालत नाही. ती एकनाड. मी एकदा भीतभीत विचारलं, "शांत केली तर?" तो म्हणाला, "होतं ना. चांदीची केबल लावायची." शांतीसाठी चांदी लागते हे आमचे गुरुजीही सांगत, पण ते निदान गुंजभरावर भागवत.

या संप्रदायाची भाषाही निराळीच. आवाज उबदार असतो, गडद असतो, कोरडा असतो, त्याला अंग असतं आणि कधी कधी पोत असतो. हिला वाटलं आम्ही शाल घेतो आहोत. एका केबलच्या वर्णनात 'प्राणवायूविरहित तांबे' असं होतं. मला आमच्या वाड्यातला माळा आठवला. तिथेही तांब्याची भांडी होती आणि प्राणवायू नव्हता.

पुढे भाचा स्वतःसाठी आणलेला नवा हेडफोन माझ्याकडे ठेवून गेला. नव्या हेडफोनला म्हणे 'बर्न-इन' करावं लागतं. २०० तास त्याच्यातून एक ठरावीक खरखर वाजवत ठेवायची, मग त्याचा गळा मोकळा होतो. २०० तास म्हणजे आठ दिवस आणि आठ तास. अखंड हरिनाम सप्ताहसुद्धा सातव्या दिवशी काल्यावर आटोपतो! रात्रीच्या शांततेत त्या खरखरीमुळे नळ चालू राहिल्यासारखं वाटे. ही बिचारी तीनदा उठून मोरीत बघून आली. नवव्या दिवशी भाचा आला, हेडफोन डोक्यावर चढवला, डोळे मिटले आणि म्हणाला, "आता खुलला!" मी विचारलं, "हेडफोन खुलला, की आठ दिवसांत तुझी समजूत झाली?" उत्तर आलं नाही. माझा अनुभव असा, की आठ दिवसांत सासरची आमटीसुद्धा आवडायला लागते. आमटीत बदल झालेला नसतो.

इथे मात्र माझ्यातला निवृत्त बँक कारकून जागा झाला. कोणाच्या बोलण्यावर विश्वास ठेवू नये, व्हाउचर मागावं, ही आमची शिकवण. मी एका रविवारी भाच्याला खुर्चीत बसवलं आणि डोळ्यांवर टॉवेल बांधला. एका बाजूला त्याचा चाळीस हजारांचा अँप्लिफायर ठेवला आणि दुसऱ्या बाजूला फोनला लावायचं करंगळीएवढं शेपूट, ज्याला डोंगल म्हणतात, ते १२०० रुपयांचं. हेडफोन तोच. आवाज दोन्हींकडे सारखा करून घेतला. ही अट महत्त्वाची आहे, कारण जरासा मोठा आवाज माणसाला नेहमीच जास्त चांगला वाटतो. राजकारणाचं सगळं रहस्य यातच आहे. हिने दहा वेळा पिना बदलल्या. भाच्याने पाच वेळा बरोबर ओळखलं. म्हणजे नाणं उडवलं असतं तरी चाललं असतं, आणि नाण्याला चाळीस हजार पडत नाहीत.

भाचा म्हणाला, "तुमच्या टॉवेलने कान झाकले गेले होते." असेल. पण टॉवेलाशिवायचे पुरावेही आहेत. २००७ साली अमेरिकेतल्या ऑडिओ इंजिनिअरांच्या संस्थेच्या नियतकालिकात मेयर आणि मोरान या दोघांनी आपल्या चाचण्या छापल्या. उच्च प्रतीच्या तबकड्यांचा आवाज एकदा जसाच्या तसा ऐकवायचा आणि एकदा साध्या सीडीच्या दर्जाला उतरवून ऐकवायचा. कोणता कुठला ते सांगा. ५५४ प्रयत्नांत २७६ उत्तरं बरोबर आली. पुढे २०१७ साली येरून ब्रेबार्ट यांनी २८३ हेडफोनांची मोजमापं तपासली. कोणत्या पट्टीचा स्वर किती जोराने येतो आणि हेडफोनची किंमत काय, यांचा संबंध त्यांनी शोधला. सापडला नाही.

आता दहा हजारवाल्यांनी नीट लक्ष द्यावं. हेडफोन-हेडफोनांत फरक असतो. चांगलाच असतो, तो आंधळ्यालाही कळतो आणि मलाही कळला. म्हणून पैसे घालायचे ते हेडफोनात. अँप्लिफायरचं काम पुरेसा जोर देणं आणि मध्ये न बोलणं, एवढंच. थोडक्यात, तबल्याच्या चांगल्या साथीदाराचं. तो जोर किती लागतो, हे सातवीतल्या गणिताने काढता येतं. त्याला गुरुजी लागत नाहीत.

हेडफोनच्या खोक्यावर दोन आकडे असतात. समजा, एकावर ३०० ओहम लिहिलं आहे आणि दुसरा आकडा एका मिलिवॅटला १०० डेसिबल असा आहे. शक्ती दसपट केली की १० डेसिबल वाढतात. म्हणजे १० मिलिवॅटला ११० डेसिबल झाले, आणि एवढ्यात तानेचा भरातला कळसही सामावतो. ०.०१ वॅटला ३०० ओहमने गुणा आणि वर्गमूळ काढा. पावणेदोन व्होल्टच्या आत उत्तर येतं. बरीचशी शेपटं एक व्होल्टच्या आसपास देतात. तेवढ्यावरही १०५ डेसिबल निघतात. हेडफोन ३२ ओहमचा असेल तर तेवढ्याच ११० डेसिबलला जेमतेम ०.५७ व्होल्ट पुरतो. फक्त काही कंपन्या मिलिवॅटऐवजी एका व्होल्टला किती डेसिबल ते छापतात. त्या दोन्हींची गल्लत करू नये. आणि अँप्लिफायरचे स्वतःचे ओहम हेडफोनच्या एकअष्टमांशापेक्षा कमी असावेत. झाली पत्रिका! गणित करून जोर कमी पडतोय असं दिसलं, तर अँप्लिफायर जरूर घ्या. मंद संवेदनेचे किंवा ६०० ओहमचे काही हेडफोन असे असतात. पण आधी गणित, मग दुकान. आमच्याकडे आधी हॉल ठरतो आणि मग मुलगी बघतात, तसं नको.

एक आकडा मात्र कोणतंच कर्णपिशाच्च सांगत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसांसाठी घातलेली मर्यादा आठवड्याला ४० तास आणि ८० डेसिबल अशी आहे. जास्त जोर विकत घेऊन कान घालवले, तर ते जुळवून द्यायला कोणी मध्यस्थ येत नाही. तसेही साठीनंतर दहा-बारा हजार कंपनांच्या पलीकडचं बहुतेकांना ऐकू येत नाही. खोक्यावर मात्र 'चाळीस हजारांपर्यंत' असं लिहिलेलं असतं. तो हेडफोन वटवाघळांसाठी असावा. त्यांचं बजेट मला ठाऊक नाही.

पण माझा खरा राग या आकड्यांवर नाही. कोणी चांदीची केबल घ्यावी, सोन्याची घ्यावी. आपापले पैसे, आपापले कान. माझा राग आहे त्या वाक्यावर. "तुम्ही आजवर ऐकलंच नाही." आधी माणसाला त्याच्या ऐकण्याची लाज वाटायला लावायची आणि मग त्या लाजेवर औषध विकायचं, हा तो धंदा आहे.

माझे वडील एका कचेरीत नोकरीला होते. आमच्या वाड्यात एकच रेडिओ, तो मालकांचा. त्या काळी रेडिओला लायसन्स लागे आणि मालकांकडे जायला धाडस लागे. शनिवारी रात्री आकाशवाणीवर संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम असे. वडील मालकांच्या खिडकीखाली, तुळशीवृंदावनाच्या कठड्यावर, अंधारात बसत. शेजारी मी पेंगत असे. मध्यम लहरींवर पाच हजार कंपनांच्या पलीकडचं फारसं काही येतच नाही. त्यात पावसाळ्यात कडकडाट, त्यात मध्ये एक जाड भिंत आणि मालकीणबाईंचा खोकला. मोजायला गेलं तर त्या आवाजात काहीही शिल्लक नव्हतं. पण समेवर वडिलांचा हात माझ्या पाठीवर पडायचा आणि मी जागा व्हायचो. सम म्हणजे काय ते मला त्या हाताने शिकवलं. त्या हाताचे ओहम किती होते हे कुठल्याच खोक्यावर छापलेलं नाही. आणि तो माणूस गाणं न ऐकता गेला, असं मला कोणी सांगणार असेल, तर मी त्याला घरातून चहा न देता घालवीन. पुण्यात हे अवघड नाही.

तर मी शेवटी काय घेतलं? एका सद्गृहस्थांनी आणखी महाग हेडफोन घेतला, म्हणून काढून टाकलेला ३०० ओहमचा हेडफोन ८५०० रुपयांना घेतला. या संप्रदायात कोणी समाधानी राहत नाही. त्यामुळे त्यांच्या असमाधानावर आपल्यासारख्यांचं छान भागतं. कानावर चष्म्याची काडी रुतते का, ते मात्र अर्धा तास घालून पाहिलं. शेपूट १२०० चं. उरलेल्या ३०० रुपयांची बाकरवडी आणली. ती मात्र खरोखरच वॉर्म होती.

परवा दुपारी त्यावर केसरबाई केरकरांची भैरवी लावली. तीच ध्वनिमुद्रिका, जी १९७७ साली व्हॉयेजर यानांतून अवकाशात धाडली. यानात तबकडीबरोबर सुई दिली आहे, कशी वाजवायची त्याची आकृतीही दिली आहे. अँप्लिफायर कोणता घ्यावा ते मात्र लिहिलेलं नाही. परग्रहावर भाचे नसावेत अशी आशा आहे.

माझा हा हेडफोन मागून उघडा आहे. त्याला 'ओपन-बॅक' म्हणतात. त्यामुळे आवाज मोकळा वाटतो, पण थोडा बाहेर सांडतो. मी डोळे मिटून ऐकत होतो. केसरबाई गोव्यातल्या केरी गावाहून निघून सूर्यमालेच्या पलीकडे पोहोचल्या होत्या. मध्येच डोळे उघडले, तर ही शेजारच्या खुर्चीवर मेथी निवडत बसली होती. देठ मोडायचा हात थांबला होता आणि मान हलत होती. मी हेडफोन काढला आणि म्हटलं, "घे, तू लाव. नीट ऐकू येईल."

"असू दे," ती म्हणाली, "इथपर्यंत येतंय."

मी हेडफोन उलटा करून आमच्या दोघांच्या मध्ये, मेथीच्या परातीत ठेवला. आवाज डासाएवढा येत होता. शेवटपर्यंत आम्ही काही बोललो नाही. मेथीचं अँप्लिफायरशी कितपत जुळतं, ते भाच्याला विचारायचं राहून गेलं आहे.