बॉयलर पेटवण्याआधी

साखर कारखान्यांचे चेअरमन, शेतकी अधिकारी, मुकादम आणि मंत्रालयात बसलेलं सरकार, या सगळ्यांना आम्हा ऊसतोड मजुरांचा हा जाहीर इशारा आहे. विनंतीअर्ज नव्हे, ते देऊन झाले.

दसरा झाला की धारूर, वडवणी, शिरूर कासार, पाथर्डीकडची गावं ऊसतोडीसाठी रिकामी होतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, आणि त्या कोयत्यावर मुकादमाची आगाऊ उचल. उचल नवऱ्याच्या नावावर, अंगठा नवऱ्याचा, हिशेबाची वही मुकादमाकडे. बाई पहाटे अंधारात फडात उतरते, ऊस तोडते, मोळ्या बांधते, डोक्यावर घेऊन गाडीवर चढते, पण कागदावर ती कुठेच नाही. अंगात ताप असला तरी सुट्टी नाही. घरी राहिली तर खाडा : मजुरी बुडतेच, वर दंड उचलीत चढतो.

या खाड्याची किंमत काय, ते सरकारी कागदातच आहे. 2019 साली बीड जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड बायकांची पाहणी झाली. 13,861 जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. पाळीच्या दिवसांत कोपीत ना पाणी, ना आडोसा, खाड्याच्या भीतीनं दुखणं अंगावर काढायचं आणि शेवटी खाजगी दवाखान्यात कर्ज काढून ऑपरेशन. ते कर्ज फेडायला पुन्हा उचल. समिती नेमली गेली, अहवाल आला. फडावर शौचालय मात्र अजून शोधावं लागतं.

आता कायद्याचं ऐका. उचलीच्या बदल्यात माणूस बांधून ठेवला तर 1976 च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्यानं ते कर्जच रद्द होतं आणि ठेवणाऱ्याला 3 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. किमान वेतनापेक्षा कमी पैशात राबवणं ही वेठबिगारीच, असं सर्वोच्च न्यायालयानं 1982 साली सांगून ठेवलंय. ‘मजूर आमचे नाहीत, मुकादमाचे आहेत’ हे चेअरमनसाहेबांचं पालुपद आता चालणार नाही. गाळप तुमचं, साखर तुमची, मग तोडणारा परका कसा?

उचल घेऊन पळणारेही असतात, ते खोटं नाही. त्यांच्यावर खुशाल दावा लावा. पण बायका-मुलांना डांबून ठेवायचा परवाना तुम्हाला कुणी दिला?

‘हार्वेस्टर आणू’ अशी धमकी दर हंगामात ऐकतो. आणा. अरुंद सरीत, गुंठ्या-गुंठ्यांच्या तुकड्यांत आणि अवकाळीनं चिखल झालेल्या काळ्या रानात ते यंत्र किती चालतं, हे फडावरचा तुमचाच चिटबॉय सांगेल. तोडणी लांबली की ऊस वाळतो, वजन घटतं, साखरेचा उतारा पडतो. शेतकऱ्याशी आमचं भांडण नाही. त्याला उसाचा ठरलेला दर, एफआरपी, 14 दिवसांत मिळत नाही, तोही तुमच्याच दारात उभा आहे.

दसऱ्यापर्यंत मुदत आहे. तोवर कारखान्यानं थेट मजुराशी लेखी करार करावा, त्यावर बाईचं नाव हवं आणि तिच्या वाट्याची मजुरी तिच्याच खात्यात पडावी. खाड्याचा दंड बंद. प्रत्येक खेपेच्या वजनाची पावती तोडणाऱ्याच्या हातात. फडावर पाणी, शौचालय, पोरांसाठी शाळा. ऊसतोड कामगारांच्या महामंडळासाठी कारखान्यांकडून टनामागे 10 रुपये घ्यायचे 2021 मध्येच ठरले होते. कोणत्या कारखान्यानं किती भरले आणि कुठे खर्च झाले, याची यादी सरकारनं गावोगावच्या चावडीवर लावावी.

हे झालं नाही तर कोयता बंद. एकही गाडी जिल्ह्याबाहेर जाणार नाही. बॉयलरचं अग्निप्रदीपन जरूर करा, फोटोही काढा. गव्हाणीत टाकायला ऊस कोण तोडणार ते आधी बघा. उचल घेतलेल्यांना उचलून न्यायला मुकादमानं रात्री जीप पाठवली, तर सकाळी 1976 च्या कायद्याखालची तक्रार थेट जिल्हाधिकाऱ्यांच्या टेबलावर असेल. अर्ज छापून तयार आहेत, मुकादमाच्या आणि कारखान्याच्या नावाची जागा तेवढी कोरी ठेवली आहे.