कळव्याची भाजी आणि आपली सुरू लागण



लेकी-सुनांकडे ठाणे-डोंबिवलीला जाणाऱ्यांनी कळवा स्टेशनच्या आसपास रुळांलगतची भाजीची शेती पाहिली असेल. रेल्वेने आपल्या खालच्या श्रेणीतल्या कर्मचाऱ्यांना 'अधिक धान्य पिकवा' योजनेत मोकळ्या जागा कसायला दिल्या, त्यातून ती उभी राहिली. पालक, मेथी, लाल माठ, मुळा. जमीन रेल्वेची, कसणारा परवान्यावर. उद्या जादा रूळ पडला की उठायचं. अशा अधांतरी माणसाला थंडीचा हंगाम आखावाच लागतो. मेथी महिनाभरात निघते, मुळ्याला दीड महिना. सगळे वाफे एकदम पेरले तर एकदम ढीग, मग हात रिकामे.

त्या भाजीवर नाल्याच्या पाण्याचा आक्षेप आहे, आणि तो खरा आहे. पण नाकं मुरडण्याआधी आसवनीच्या सांडपाण्याने ओढ्याचं काय होतं, हे साखरपट्ट्यात कुणाला सांगायला नको.

आमचा मुद्दा निराळा. आपला सभासद जमिनीचा मालक, कारखान्याचाही मालक. आखणी मात्र ज्याची त्याची. सुरूची मुदत १५ डिसेंबर ते १५ फेब्रुवारी. शेजाऱ्याने सरी सोडली की आपणही सोडली! को ८६०३२ बारा-चौदा महिन्यांत तयार होतो, म्हणजे पुढल्या साली अख्खं शिवार एकदम तोडीला. मग चिटबॉयमागे धावपळ आणि टोळीला खुशाली. नोव्हेंबरात रान मोकळं झालं त्याला गहू-हरभरा साधतो. मार्चपर्यंत ऊस उभा राहिला त्याची रब्बी गेली, उसाचं वजन घटलं, खोडव्याची फूटही उन्हात सापडली. हा फटका बहुधा ज्याच्या वतीने बोलणारं कुणी नाही त्याच घराला बसतो.

तेव्हा लागणीआधी गावोगावच्या सभासदांनी एकत्र बसावं. पाणी बघून आडसाली किती, पूर्वहंगामी किती, सुरू किती, खोडवा किती राखायचा हे ठरवावं. ज्याचा ऊस मार्चमध्ये तुटला, त्याला जुलैतल्या आडसालीत पहिली पाळी द्यावी. त्याचं रान पुढल्या साली नोव्हेंबर-डिसेंबरात मोकळं होईल. सुरूत मेथी, कोथिंबीर, कांदा घ्यायचा तोही सगळ्यांनी एका आठवड्यात नको.

यात बांध मोडायचा प्रश्न नाही. सामुदायिक शेतीच्या जुन्या सोसायट्या बहुतेक कागदावरच राहिल्या, कारण सातबारा कुणी सोडत नाही, आणि का सोडावा? पानी फाउंडेशनची २०२२ पासूनची फार्मर कप स्पर्धा बघा. जमीन ज्याची त्याची, पण बी-बियाणं, पेरणी, मजुरी यांचा विचार गटाने.

राहिला कारखाना. गावाने क्रम लावायचा आणि तोड वशिल्याने निघायची, असं झालं तर पुढल्या साली बैठकीला कुणी फिरकणार नाही. नोंदीची यादी तारखांसकट गट ऑफिसच्या भिंतीवर लावावी आणि आज टोळी कुणाच्या फडात आहे, ते रोज सकाळी फळ्यावर लिहावं.