चित्राचा दर कोण ठरवणार?



भात झोडून होत आलं की आपल्या पाड्यांवर मुकादमाच्या फेऱ्या सुरू होतात. हातावर उचल ठेवायची, वहीत अंगठा घ्यायचा आणि दिवाळी झाली की ट्रक भरून माणसं वीटभट्टीवर न्यायची. यंदाही तेच चाललं आहे. त्या ट्रकात आता आश्रमशाळेतून परत आलेली पोरं-पोरीही बसतात. दहावीला गणितात नाहीतर इंग्रजीत अडकली, पुढे कुणी विचारलं नाही. शाळेने त्यांची शेतातली सवय मोडली, नोकरीपर्यंत मात्र पोचवलं नाही. मग कुणी भट्टीवर, कुणी रेतीवर, कुणी डहाणूच्या फुगे कारखान्यात.

या पोरांना काहीच येत नाही असं कुणी म्हणू नये. कुणी वहीच्या मागच्या पानावर तारप्याचा नाच काढतं. कुणी दुधी भोपळा वाळवून खरोखरचा तारपा करतं. कुणी बांबूची टोपली अशी विणतं की बाजारात शोधून मिळणार नाही. कुणी बंद पडलेला रेडिओ उघडून बोलता करतं. आपण त्याला नाद म्हणतो. घरातली म्हातारी विचारते, "या नादानं पोट भरंल का रं?" तिकडून संस्थावाले आणि साहेब लोक येतात आणि म्हणतात, "छंदातून रोजगार उभा करा." शिबिर होतं, फोटो निघतो, प्रमाणपत्र मिळतं, गाडी धुरळा उडवत निघून जाते. पोरगं पुन्हा मुकादमाच्या वहीत.

म्हातारीचा प्रश्न खरा आहे आणि त्याचं सरळ उत्तर देण्यासाठी हे लिहितो आहोत. नादाने पोट भरतं. पण कधी? कामाचा दर पाड्याने एकत्र बसून ठरवला तर. एकेकटं पोरगं व्यापाऱ्यापुढे जाऊन बसलं तर ती नव्या नावाने आलेली वेठच आहे. आपल्याच चित्रांचं उदाहरण घेऊन हे नीट समजून घेऊ.

चित्र कुणाचं होतं?

बाहेरच्या जगात आज 'वारली पेंटिंग' म्हणून जे विकतं, ते आपल्याकडे विकायचं काम नव्हतं. कुडाच्या भिंतीला शेणमातीचा हात द्यायचा, गेरू लावायचा, तांदूळ वाटून त्याच्या पिठाने पांढरा रंग करायचा, काडीचं टोक ठेचून त्याने चौक लिहायचा. हे काम सवासिणींचं. आत पालघट देवी, बाजूला पंचशिऱ्या, आणि धवलेरी गाणी म्हणून लग्न लावायची. चौकाशिवाय लग्न होत नव्हतं. त्याला छंद कुणी म्हणत नव्हतं.

सत्तरच्या दशकात हस्तकला खात्यातर्फे भास्कर कुलकर्णी आपल्या भागात आले. त्यांनी चित्रं पाहिली, कागद आणि रंग दिले. भिंतीवरचं चित्र कागदावर आलं आणि पुरुषही काढू लागले. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांना १९७६ साली राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, २०११ साली पद्मश्री मिळाली. आपल्या माणसाने काडीच्या टोकाने जगभर नाव काढलं याचा अभिमान आपल्या प्रत्येक पाड्याला आहे. त्यांच्या मागून गंजाड आणि आसपासच्या गावांतली कितीतरी पोरं चित्रं काढू लागली, काहींनी त्यावर घर उभं केलं. म्हणजे नादाने पोट भरतं याचा पुरावा आपल्याच तालुक्यात आहे.

पण एका माणसाचं नाव झालं म्हणून सगळ्यांचा दर वाढत नाही. नाव नसलेल्या पोराकडे व्यापारी येतो आणि म्हणतो, "तुझ्यासारखे पन्नास आहेत." आणि खरंच असतात. तिथेच सौदा ठरतो.

हिशेब मांडून बघा

समजा एका पोराने हातभर कापडावर चित्र काढलं. कापडाला ४० रुपये, रंगाला ३०, बाजाराला जायच्या-यायच्या एस.टी.ला ५०. खर्च झाला १२०. चित्राला लागले चार दिवस. व्यापाऱ्याने हातावर ३०० रुपये ठेवले. पोरगं खुश, एकदम तीन नोटा मिळाल्या. आता खर्च वजा करा. राहिले १८०. चार दिवसांनी भागा. दिवसाला पडले ४५ रुपये.

रोजगार हमीवर माती उचलली असती तर याच्या कितीतरी पट मिळाले असते. हे आकडे समजुतीसाठी घेतले आहेत. आपापल्या पाड्यावरचे खरे आकडे टाकून हाच हिशेब करा. दिवसाची मजुरी रोजगार हमीच्या खाली जात असेल, तर तो धंदा नव्हे, फसवणूक आहे, मग त्याला कला म्हणा नाहीतर छंद म्हणा.

आणखी एक गोष्ट बघा. चित्राच्या मागे पोराचं नाव नसतं, गावाचं नाव नसतं. शहरात तेच चित्र काचेच्या चौकटीत बसतं आणि त्यावर दुकानाचं नाव लागतं. मग व्यापारी सांगतो, एकसारखे दोनशे नग दे, ठसा करून दे, छापून दे. पोराचा हात चालतो आणि डोकं बंद पडतं. सहा महिन्यांनी त्याचा नादही मेलेला असतो. पैसा गेला तर परत मिळवता येईल, पण गेलेला नाद परत आणणं अवघड आहे.

गवताचा दर कसा ठरला होता?

म्हाताऱ्या माणसांना विचारा. लग्नासाठी सावकाराकडे हात पसरायचा, आणि नवरा-बायको दोघांनी त्याच्या वाड्यावर राबायचं. त्याला लग्नगडी म्हणत. ज्या लग्नासाठी सवासिणींनी चौक लिहिला, त्याच लग्नाने माणूस गुलाम व्हायचा. १९४५ साली टिटवाळ्याला किसान सभेची परिषद झाली. गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर आपल्या भागात आले, लाल बावटा आला, आणि वेठ आणि लग्नगडी बंद करायचं आपल्या लोकांनी ठरवलं. मग गवत कापायचा दर मागितला: ५०० पौंडांना अडीच रुपये. एकट्याने मागितला असता तर फटके बसले असते. सगळ्यांनी मिळून विळे खाली ठेवले म्हणून ती मागणी उभी राहिली. त्याच ऑक्टोबरात तलवाड्याला गोळीबार झाला, आपली माणसं मारली गेली, तरी लोक हटले नाहीत.

गवत कापणारा आणि चित्र काढणारी यांच्यात या बाबतीत काही फरक नाही. दोघांचे हात चालतात, माल दुसरा नेतो. गवताचा दर एकीने मागितला होता, चित्राचा दरही एकीनेच मागावा लागेल. टोपलीचा, तारप्याचा, मधाचाही तसाच.

मग करायचं काय?

पहिलं म्हणजे उचल घ्यायची नाही. चित्रावर, टोपलीवर आगाऊ पैसे देणारा आला की समजा मुकादमाचाच भाऊ आला. उचल घेतली की दर त्याचा. कच्च्या मालाला पैसे कमी पडत असतील तर बायांच्या बचत गटातून घ्या, व्याज आपल्याच पाड्यात राहील.

दुसरं, पाड्यावरच्या काम करणाऱ्या सगळ्यांनी बसून खालचा दर ठरवा. कच्चा माल, प्रवास, आणि लागलेल्या दिवसांची निदान रोजगार हमीएवढी मजुरी. त्याच्या खाली कुणीही विकायचं नाही. एकाने खाली विकलं की सगळ्यांचा दर पडतो, हे संपातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. हात चांगला बसला असेल त्याने वर जितकं मिळेल तितकं घ्यावं, त्याला आडकाठी नाही.

तिसरं, वही ठेवा. काय दिलं, कुणाला दिलं, किती मिळाले, किती बाकी. कार्बन घालून पावती फाडा, एक त्याला, एक आपल्याला. आश्रमशाळेतून आलेल्या पोरांना दहावीचं गणित सुटलं नसेल, पण ही वही त्यांना नक्की जमेल. तेच त्यांचं पहिलं खरं शिक्षण.

चौथं, प्रत्येक चित्राच्या मागे काढणारीचं नाव आणि गावाचं नाव लिहा. नाव पुसून नेणाऱ्याला माल देऊ नका.

पाचवं, बायांना पुढे आणा. ही विद्या मूळची त्यांची. आज कागदावर पुरुषांची नावं आणि घरी रंग वाटायला बाया, असं होता कामा नये. पोरांनी शिकायचं तर आधी गावातल्या धवलेरीकडे आणि म्हाताऱ्या सवासिणींकडे जावं. त्यांना शिकवल्याचे पैसे द्यावेत. बाहेरून आलेल्या मास्तराला मानधन मिळतं, मग आपल्या म्हातारीला का नाही? आणि देवाचा चौक विकायचा की नाही, हेही त्यांनीच ठरवायचं. नाच, शेत, शिकार, जंगल, पाऊस, मोर्चा, काढायला चिक्कार आहे. देव बाजारात न नेताही चित्र विकतं.

काही साथी विचारतील

"जमिनीची लढाई चालू असताना चित्रं काय घेऊन बसलात?" असं काही कार्यकर्ते म्हणतील. त्यांना एवढंच सांगणं आहे: प्लॉटावर उभं राहायला माणूस लागतो. मोजणीला वनखात्याचा माणूस येतो तेव्हा तरणं पोरगं भट्टीवर असतं आणि घरात एकटी म्हातारी असते. पुरावे गोळा करायचे, ग्रामसभेला बसायचं, तहसीलला खेपा घालायच्या, हे सगळं गावात राहणारा माणूस करतो. पावसात शेती आणि उरलेल्या दिवसांत हातातलं काम, असं जमलं तर तो गावात राहील. म्हणून हा विषय लढाईच्या बाहेरचा नाही.

उलट बाजूनेही सांगायला हवं. चित्राचे चार पैसे मिळाले म्हणून प्लॉट सोडू नका, दावा अर्धवट टाकू नका. बाजाराची हौस आज आहे, उद्या नाही. शहरातल्या माणसाला उद्या दुसरं काही आवडेल. तेव्हा घरात नागली आणि भात असेल तर माणूस टिकेल. आणि सगळीच पोरं चित्रकार होणार नाहीत. ज्याचा नाद बांबूचा आहे त्याला बांबूच द्या, ज्याचा यंत्राचा आहे त्याला पाना द्या. चित्र विकतं म्हणून सगळ्यांच्या हातात काडी देऊ नका.

बांबूवाल्या पोरांसाठी एक महत्त्वाची गोष्ट. बांबू तोडला म्हणून गार्ड विळा काढून घेतो, पैसे मागतो, हे सगळ्यांना माहीत आहे. २००६ चा वनहक्क कायदा बांबूला गौण वनोपज म्हणतो. पिढ्यानपिढ्या आपण जे गौण वनोपज गोळा करत आलो, त्यावर हा कायदा मालकी देतो, आणि ते गोळा करायचा, वापरायचा, विकायचा हक्क देतो. आपल्यातल्या बऱ्याच गावांनी प्लॉटांचे वैयक्तिक दावे भरले, सामूहिक दावा मात्र राहिला. तो भरा. गावाचा सामूहिक हक्क कागदावर आला की टोपली विणणारं पोरगं चोर ठरणार नाही. त्याचा नाद पोटाला लागायचा पहिला टप्पा हाच आहे, शिबिरातलं प्रमाणपत्र नव्हे.

पुढच्या महिन्याच्या तालुका बैठकीला येताना प्रत्येक पाड्याने दोन कागद आणावेत. एकावर, कोणत्या पोरा-पोरीला कसला नाद आहे आणि हातात काय काम आहे, याची यादी. दुसऱ्यावर, गेल्या वर्षी कुणी काय विकलं, किती दिवस लागले, किती मिळाले, याचा हिशेब. दोन्ही कागद समोर ठेवून सगळ्या पाड्यांचा मिळून एक खालचा दर ठरवू. मुकादम त्याची वही घेऊन फिरतोच आहे. त्याच्या आधी आपली वही तयार झाली पाहिजे.

जिंदाबाद.