पेरणीच्या तोंडावर वर्गणी

शाळेसाठी पालकांपुढे हात पसरण्यात कमीपणा नाही. निजामी राजवटीत हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा 1921 साली सुरू झाली, ती लोकांच्या आधारावर. स्वामी रामानंद तीर्थ तिथे मुख्याध्यापक होते. अलीकडेही जिल्हा परिषदेच्या कितीतरी शाळांना रंग, टीव्ही, संगणक मिळाले ते लोकवर्गणीतून. नांदेड-लातूरचा शेतकरी लेकराच्या शाळेला नाही म्हणत नाही.

पण मागायची वेळ तरी बघावी! जूनमध्ये शाळा उघडते, तेव्हा घरात सोयाबीनची बॅग आणि खताचे पोते उधारीवर आलेले असते. नेमकी तेव्हाच पालकसभा होते आणि डिजिटल वर्गासाठी प्रत्येकी अमुक रुपये ठरतात. माल घरी येतो दसरा-दिवाळीच्या सुमारास. मुखेड, कंधार, जळकोटकडची ऊसतोड कुटुंबे तर त्याच सुमारास मुकादमाची उचल घेऊन गाव सोडतात. लेकरू आजीपाशी ठेवून गेलेल्या आईबापाला आणि आडत दुकानदाराला एकच दर लावणे अन्यायाचे आहे. ज्याच्याकडे पैसा नाही, त्याने ट्रॅक्टरने मुरूम टाकला, दोन दिवस गवंडीकाम केले, तर तेही रुपयांत धरून वहीत लिहावे. कोणी किती दिले याची यादी मात्र फळ्यावर लावू नये. ती पोरे वाचतात.

शिक्षण हक्क कायदा 2009 चा. त्याच्या कलम 21 प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत किमान 75 टक्के पालक हवेत, निम्म्या महिला हव्यात. शासनाचा असो की आणखी कुठला, शाळेला आलेल्या पैशाच्या वापरावर देखरेख ठेवणे हे या समितीचे काम आहे. प्रत्यक्षात ठराव आधी लिहून होतो आणि सदस्य असलेल्या आईच्या सहीसाठी प्रोसिडिंग तिच्या घरी पाठवले जाते. खर्च कशावर करायचा, हे तिला कोणी विचारलेले नसते. शौचालयाला पाणी नाही म्हणून मुलगी घरी बसते, हे तिला ठाऊक असते. तिला विचारले असते तर टीव्हीआधी टाकी आली असती.

समग्र शिक्षाचे शाळा अनुदान किती आले, कुठे गेले, कामाचे अंदाजपत्रक काय आणि कमी किती पडतात, एवढे एका कागदावर लिहून मुख्याध्यापकांनी सभेच्या नोटिशीसोबत घरोघर द्यावे. वर्गणीची सभा त्यानंतर घ्यावी, आणि तीही सोयाबीनची पट्टी हातात आल्यावर.