शॉर्ट फिल्म हवी की चारित्र्याचा दाखला?

मुस्लीम तरुणांच्या शॉर्ट फिल्मची एक ठरलेली गोष्ट आहे. शहरात तणाव असतो. शेजारचे हिंदू काका जखमी होतात. रक्त मिळत नाही. सलीम धावत येतो, रक्त देतो आणि पडद्यावर अक्षरं उमटतात: 'रक्ताचा रंग एकच.' टाळ्या पडतात, एखादं प्रमाणपत्रही मिळतं. पुढच्या वर्षी तीच गोष्ट पुन्हा येते, फक्त सलीमचा इम्रान झालेला असतो.

माझं भांडण रक्तदानाशी नाही. या गोष्टीतला नायक अर्जदारासारखा उभा असतो, त्याच्याशी आहे. तो पुरावा जोडतो आणि मान्यता मागतो. मग जो रक्त द्यायला गेला नाही, कामावरून दमून आला आणि जेवून झोपला, त्या मुस्लीम पोराचं काय? संविधानाच्या कलम 14 मधली समानता मागताना आधी रक्तगट सांगावा लागत नाही.

पुण्यातल्या विद्यार्थ्यांच्या एका गटाला मी संकलनात मदत केली. त्यांचीही पहिली पटकथा रक्ताचीच होती. वाचन चालू असताना तिसऱ्या वर्षातली एक मुलगी म्हणाली, "बाटलीभर रक्त दिल्याशिवाय आपण माणसं नाही का?" मग तिने स्वतःची गोष्ट मांडली. बाहेरगावहून शिकायला आलेली मुलगी खोली शोधतेय. फोनवर घरमालक खूश असतात, कारण मराठी स्वच्छ आहे. नाव सांगितलं की खोली "कालच गेली" असते. एक काकू कौतुकाने म्हणतात, "तू मुस्लीम वाटत नाहीस हो!" रात्री ती घरी फोन करते, तर अब्बा म्हणतात, "जागा मिळत नाही ना? मग ये परत. एक स्थळ आलंय."

बारा मिनिटांची फिल्म, मोबाइलवर चित्रित केलेली. आवाज नीट यावा म्हणून मे महिन्यात पंखा आणि फ्रिज बंद करून पोरं घामाने निथळत होती. सुरुवातीला अजान लावावी, म्हणजे घर मुस्लीम आहे हे कळेल, असं एकाने सुचवलं. ती म्हणाली, "आमच्या घरात कुकरच्या शिट्ट्याही होतात, त्या लाव." आई दखनीत बोलते, मुलगी घरमालकाशी मराठीत आणि मैत्रिणीशी दोन्हींच्या मिश्रणात. आपल्या घरांत असंच बोलतात. तरीही कॅमेरा सुरू झाला की आपण सगळ्यांच्या तोंडी लखनवी उर्दू का घालतो?

आक्षेप दोन्हीकडून आले. काही हितचिंतक म्हणाले, घरमालक असा दाखवू नका, वातावरण बिघडेल. आपल्यातले एक देणगीदार म्हणाले, घरमालक ठेवा पण अब्बांचा प्रसंग कापा, समाजाची बदनामी होते. गटाने दोन्ही प्रसंग ठेवले. देणगी गेली, हॉल गेला. फिल्म एका इमारतीच्या गच्चीवर, पांढऱ्या चादरीवर दाखवली गेली.

बदनामीचा मुद्दा मी हलका मानत नाही. आपल्याविरुद्ध वापरता येईल असं काहीही शोधणारे लोक आहेत. पण त्यांच्या भीतीने अब्बांचा प्रसंग कापला, तर त्या मुलीच्या आयुष्याची कात्री त्यांच्याच हाती जाते. बाहेरचं बंद दार आणि घरातलं बंद होणारं दार, दोन्ही तिच्याच वाट्याला आली आहेत. अर्धी गोष्ट सांगितली तर ती तिची उरत नाही.

एम. एस. सथ्यूंचा 1973 चा 'गरम हवा' आठवा. आग्र्याचे सलीम मिर्झा बुटांचा कारखाना चालवतात. फाळणीनंतर कर्ज मिळत नाही, भाड्याने घर मिळत नाही. पण मुस्लिमांसाठी इथेच राहण्याच्या गर्जना करणारा त्यांचा पुढारी भाऊ गुपचूप पाकिस्तानला निघून जातो, हेही त्यात आहे. आपल्याच नात्यातल्या मुलांवर विश्वास टाकून आमिना शेवटी जीव देते, हेही आहे. चित्रपटाने काही लपवलं नाही. म्हणूनच सलीम मिर्झा आजही खरे वाटतात.

साधनं नाहीत, असं म्हणणाऱ्यांनी मालेगावकडे बघावं. नासिर शेख यांनी 2000 साली 'मालेगाव के शोले' बनवला तो यंत्रमागांच्या गावात, आपल्या बोलीत. तिथल्या मंडळींनी बैलगाडीची क्रेन केली. आम्ही चांगले आहोत हो, असं त्यांनी कुणालाही पटवून दिलं नाही. त्यांना लोकांना हसवायचं होतं आणि लोक हसले.

तेव्हा या वर्षी फिल्म करणाऱ्यांना माझं सांगणं आहे. पटकथा झाली की तिच्यातून रक्ताची बाटली, टोपी, अजान आणि शेवटचं हस्तांदोलन काढून ठेवा. मग जे उरेल ते वाचा. काहीच उरलं नाही, तर गटातल्या मुलींना विचारा, या महिन्यात काय झालं? वसईच्या, लातूरच्या, चिपळूणच्या पोरांना विचारा, घरी भांडण कशावरून झालं? त्यातली एक गोष्ट घ्या आणि ज्याची आहे त्याच्या भाषेत सांगा. आधी ती आपल्याच गल्लीत दाखवा. गल्लीत वाद झाला तर होऊ द्या, त्यासाठीच ती करायची असते.