बिडी सोडविण्याचा खर्च कोणी करायचा?

मारुंजीच्या शेतजमिनींवर आज बहुमजली इमारती उभ्या राहत आहेत. त्या उभारणारा बिगारी मराठवाड्यातून, बिहारमधून, छत्तीसगडमधून येतो आणि पत्र्याच्या खोलीत राहतो. त्याच्या वस्तीजवळ सर्वांत आधी कोणती सोय पोहोचते? नळ नव्हे, दवाखाना नव्हे, पानटपरी.

“पोटाला नसते, पण तंबाखूला पैसे असतात,” हे सुशिक्षितांचे आवडते वाक्य आहे. अर्थशास्त्राच्या साध्या कसोटीवरही ते टिकत नाही. निकोटिन भूक मारते आणि थकव्याची जाणीव काही काळ बोथट करते. जे काम वेळेवर मिळणाऱ्या जेवणाने, विश्रांतीने आणि आठ तासांच्या पाळीने व्हावयास हवे, ते काम ठेकेदार बिडीच्या जुडीकडून करून घेतो. चाकणच्या रात्रपाळीतील कंत्राटी कामगाराची गोष्ट वेगळी नाही. श्रमशक्ती चालू ठेवण्याचा हा खर्च मजूर स्वतःच्या खिशातून आणि फुप्फुसांतून भागवितो. त्याला वर नीतीचे पाठ देणे म्हणजे जखमेवर मीठ चोळणे होय.

आणि शासन काय करते? फलक लावते, दंड आकारते. तंबाखू सोडू इच्छिणाऱ्यांसाठी असलेल्या निःशुल्क दूरध्वनी सेवेचा क्रमांक २०१८ पासून पाकिटांवर छापला जातो. पण सुटी सिगारेट घेणाऱ्याच्या हाती पाकीट येतेच कुठे? राज्यात सुट्या विक्रीवर २०२० मध्ये बंदी आली. टपरीवर ती कितपत दिसते, हे वाचकांनीच पाहावे. शिवाय २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के, तर तंबाखू, मिश्री आदी धूरविरहित प्रकार वापरणारे २४.४ टक्के आहेत. केवळ धुराविरुद्धची मोहीम येथे अपुरीच पडणार.

गरीब माणूस सोडत नाही, हेही खरे नाही. दिल्लीच्या गरीब वस्त्यांत झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत काही लोकांना घरी जाऊन एकदाच सविस्तर सल्ला व श्वसनाचे व्यायाम शिकविले गेले, तर इतरांना मिनिटभराचा सल्ला मिळाला. सात महिन्यांनंतर तंबाखूपासून दूर राहिलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे २.६ व ०.५ टक्के होते. आकडा लहान आहे, परंतु फरक पाचपटीचा आहे, आणि तोही एका भेटीचा. तिला औषधाची जोड हवी. निकोटिनची पर्यायी औषधे २०२२ मध्ये राष्ट्रीय अत्यावश्यक औषध यादीत आली. मात्र दिवसाला आठ-दहा गोळ्या चघळावयाच्या, तर त्यांचा खर्च जुडीच्या कितीतरी पट होतो. मजुराने तो कोठून करावा?

पैसा नाही, ही सबब चालणार नाही. १९९६ च्या कायद्याने बांधकाम खर्चावर किमान १ टक्का उपकर बसविला. आता तो सामाजिक सुरक्षा संहितेत आला आहे. देशभर जमलेल्या सुमारे ३७,४०० कोटींपैकी जेमतेम ९,५०० कोटी खर्च झाल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नमूद केले. मजुरांच्या नावाने लॅपटॉप आणि धुलाईयंत्रे घेतल्याचीही तेथे चर्चा झाली! हा पैसा मजुरांचा आहे. त्यातून प्रत्येक मोठ्या बांधकामावर, पाळी सुटताना, समुपदेशक आणि विनामूल्य औषध का पोहोचू नये?

आपल्याच बाजूचा एक आक्षेप येतो: बिडी वळणाऱ्या स्त्रियांचे काय? प्रश्न रास्त आहे. उत्तर मात्र कारखानदाराच्या सोयीचे दिले जाते. सप्टेंबर २०२५ मध्ये वस्तू व सेवा कर परिषदेने बिडीवरील कर २८ वरून १८ टक्क्यांवर आणण्याचे ठरविले, तर अन्य तंबाखूसाठी ४० टक्के. सवलतीतील एक तरी रुपया हजार बिड्यांच्या मजुरीत उतरेल, याची हमी कोणी घेतली? एका श्रमिकाची भाकरी दुसऱ्याच्या खोकल्यावर भाजली जावी, ही व्यवस्था समाजवादी म्हणविणाऱ्यांनी तरी मान्य करू नये. वळणारीला पर्यायी रोजगार आणि ओढणाऱ्याला उपचार, या दोन मागण्या एकाच फलकावर लिहिल्या पाहिजेत.

कामगार संघटनांनी आपल्या मागणीपत्रकात बोनस आणि महागाई भत्त्याच्या जोडीला हे कलम घालावे: उपचार कामाच्या जागी, कामाच्या वेळेत, मजुरी न कापता. बिडी सोडण्याचा निर्धार मजुराचा असेल. त्याचा खर्च मात्र, ज्यांच्या इमारती त्याच्या घामावर उभ्या राहिल्या, त्यांच्याकडूनच वसूल झाला पाहिजे.